ब्रेक लागला नाही, एवढं जॉबकार्डावर लिहायला काय होतंय?

प्रति,
मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांब झालंय, जागा नसेल तर कापा, पण मधला जॉबकार्डाचा (गाडी सर्विसला दिली की तक्रार लिहून सही घेतात तो कागद) भाग तेवढा कापू नका ही विनंती, कारण बाकी सगळं त्याच्यासाठीच लिहिलंय.

आपल्या पेपरात आठवड्यातनं एकदा तरी बातमी असते, हायवेवर नाहीतर घाटात गाडी पलटी, आणि त्यात ते ठरलेलं वाक्य, 'चालकाचा ताबा सुटल्याने'. मी पण इतकी वर्षं सकाळचा चहा पिता पिता ते वाचून झोपला असेल नाहीतर ढोसला असेल म्हणून पान उलटत आलोय. मागच्या वर्षीपासून तसं म्हणायचं बंद केलंय, कारण चोर्ला घाटात माझाच ताबा सुटायची वेळ आली होती, आणि मी झोपलो नव्हतो, प्यायचा तर प्रश्नच नाही, शेजारच्या सीटवर आई बसलेली.

गाडी म्हणजे मोठी सात सीटची डिझेल एसयूव्ही. कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, लिहिलं तर तुम्ही छापणार नाही आणि छापलं तर मला वकील परवडणार नाही. घेतली कोल्हापुरात, त्यावेळी चिपच्या टंचाईमुळं सगळीकडं वेटिंग चाललेलं आणि तिथं जरा लवकर मिळत होती म्हणून, पासिंग मात्र आपलं बेळगावचं, केए २२. हे कशाला सांगतोय ते पुढं कळेल.

गणपतीच्या आधीची गोष्ट, गोव्याला मंगेशी-शांतादुर्गा करून यायचं म्हणून पहाटे निघालो, आम्ही सातजण आणि वर बॅगा. पिरनवाडी, जांबोटी, कणकुंबी, सगळं नीट. चोर्ला सोडून केरीकडं उतार लागला, रिपरिप पाऊस, धुकं, पुढं एक लोडेड टिपर रांगत चाललेला त्यामुळं सारखा ब्रेक मारावा लागत होता. चौथ्या का पाचव्या वळणावर ब्रेक दाबला तर पेडल दगड. खाली गेलंच नाही. म्हणजे भिंतीवर पाय दिल्यासारखं झालं बघा, जोर लावतोय, मांडी थरथरतेय, आणि गाडी आपली चाललीय टिपरच्या मागं. बायकोनं विचारलं काय झालं, मी काही बोललो नाही, बोलायला वेळ कुठं होता. तिसऱ्यावरनं दुसऱ्यात टाकली, इंजिन बोंबललं पण गाडी ओढून धरली, दोन्ही पाय पेडलवर ठेवले, हँडब्रेक थोडा थोडा करत ओढला (एकदम ओढला असता तर ओल्या रस्त्यावर मागची चाकं लॉक होऊन फिरलो असतो), आणि डाव्या बाजूच्या डोंगराकडच्या गटारात दोन चाकं घातली. थांबली. आई म्हणाली, का रे थांबलास, उलटी कुणाला आली?

दहा मिनिटं थांबून इंजिन चालू केलं, पेडल दाबलं तर एकदम नॉर्मल. लोण्यासारखं. मलाच वाटलं मी घाबरून क्लचवर पाय दिला का काय. देवदर्शन तसंच पहिल्या-दुसऱ्या गियरात उरकलं, येताना अनमोडवरनं आलो.

दुसऱ्या दिवशी गाडी सर्विस सेंटरला. तिथल्या ॲडव्हायझर पोराला सगळं सांगितलं, तो मान हलवत टॅबवर काहीतरी टाइप करत होता, मला वाटलं लिहून घेतोय. संध्याकाळी फोन, "सर एनू प्रॉब्लेम इल्ल, ब्रेक चेक माडिदिवि, ओके इदे." म्हणजे काही प्रॉब्लेम नाही, ब्रेक चेक केलाय, ओके आहे. ट्रायल पण मारली म्हणे. कुठं मारली तर सर्विस रोडवर दोन किलोमीटर, गार इंजिनावर, एकटा माणूस गाडीत. असल्या ट्रायलला बैलगाडी पण पास होईल.

पुढं महिन्याभरात टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला तेच. गेट पडलेलं, पुढं स्कूटीवर एक बाई आणि मागं युनिफॉर्ममधली पोर. उन्हातनं दीड तास गाडी फिरवून आलेलो, पेडल परत दगड. स्पीड पंधरा-वीस होता म्हणून हँडब्रेकवर निभावलं, स्कूटीपासून हातभर अंतर राहिलं असेल. त्या बाईंनी मागं वळून बघितलं पण नाही. मी गेट उघडल्यावर सुद्धा तिथंच बसून होतो, मागचे हॉर्न मारतायत, शिव्या देतायत, पण पाय हलेना.

मग गेलो वडगावातल्या एका मिस्त्रींकडं, आम्ही त्यांना मामाच म्हणतो, जीप-ट्रॅक्सवर आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी गाडीकडं बघायच्या आधी एकच विचारलं, "पेडल कडक झालं का खाली गेलं?" साहेब, हा प्रश्न सर्विस सेंटरात मला कुणी विचारला नव्हता. मामांचं म्हणणं, ब्रेक फेल ब्रेक फेल सगळे म्हणतात पण ती दोन वेगळी दुखणी आहेत. पेडल मऊ होऊन खाली जातंय म्हणजे ऑइलचा घोटाळा, कुठंतरी लीक, नाहीतर मास्टर सिलिंडरची रबरं गेलेली, नाहीतर ऑइल उकळून त्यात वाफ झालीय. पेडल कडक होतंय म्हणजे ऑइल ठीक आहे, बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही.

बूस्टर म्हणजे पेडलच्या पुढं बॉनेटखाली असतो तो काळा डबा. दोन-सव्वादोन टनाची गाडी नुसत्या पायाच्या जोरावर थांबत नसते, तो डबा व्हॅक्यूमच्या, म्हणजे आतली हवा ओढून केलेल्या पोकळीच्या, जोरावर आपल्या पायाला मदत करतो. पेट्रोल गाडीत हवा ओढण्याचं काम इंजिनमधनंच होतं, डिझेलला तशी ओढ नसते म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप, त्यातनं पाईप बूस्टरला, मधी एक वनवे व्हॉल्व्ह. यातलं काहीही गळालं की व्हॅक्यूम गेला, डबा रिकामा. आणि सरळ रस्त्यावर ते कळतच नाही, कारण आपण कधीतरी एकदा ब्रेक मारतो आणि मधल्या वेळात डबा परत भरतो. घाटात सारखा सारखा मारला की भरायला वेळ मिळत नाही.

मग त्यांनी मला एक टेस्ट करून दाखवली, ती इथं लिहितो, कुणीही घरासमोर करू शकतंय. इंजिन बंद ठेवून पेडल चारपाच वेळा दाबायचं, कडक होतं. तसाच पाय दाबून ठेवायचा आणि इंजिन चालू करायचं. चालू झाल्याबरोबर पेडल पायाखाली थोडं खाली बसलं पाहिजे. बसलं तर बूस्टर काम करतोय, नाही बसलं तर गाडी तिथनं हलवू नका. माझी गाडी या टेस्टला पास झाली, गार होती ना. मामा म्हणाले थांब. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, मग रबरी नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं टोक पाईपावरनं फिरवत गेले, डॉक्टरसारखं. इंजिनाजवळच्या वाकात सापडलं, स्स्स आवाज. पाईपला केसाएवढी चीर, गार असताना मिटलेली, गरम झालं की उघडायची. सर्विस सेंटरच्या ट्रायलमध्ये का सापडलं नाही ते एवढ्यावरनं कळलं. हजाराच्या आतला पाईप, साहेब. सात माणसं त्या पाईपावर टांगलेली.

तो फाटका पाईप पिशवीत घालून मी परत सर्विस सेंटरला गेलो, वॉरंटीचे चार महिने बाकी होते. पैसे नको होते मला, मला पाहिजे होतं की कंपनीला कळावं. तर म्हणे बाहेर काम करून घेतलंय, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं बरं, पण मी घाटानंतर आलो होतो त्यावेळची तक्रार तरी काढा. त्यानं जॉबकार्ड काढलं, आणि त्यात लिहिलेलं, जनरल चेकअप, वॉशिंग. बस्स. ब्रेक हा शब्दच नाही. मी त्या कागदावर सही केलेली, माझीच सही, न वाचता. आपण सगळेच करतो की, तो पेन पुढं करतो आणि आपण बँकेच्या फॉर्मवर केल्यासारखी करून टाकतो.

म्हणजे कागदावर बघायला गेलं तर माझ्या गाडीचा ब्रेक कधी फेल झालाच नाही.

कोल्हापुरात फोन केला तर म्हणाले तुमचं पासिंग कर्नाटकचं, सर्विस बेळगावची, तिकडंच बोला. बेळगाववाले म्हणतात गाडी ज्यांनी विकली त्यांना मेल करा. आमचा सीमाप्रश्न १९५६ पासनं चाललाय हे माहीत होतं, तो ब्रेकच्या पाईपाला पण लागू आहे हे आत्ता कळलं.

आता मुख्य मुद्दा. मला वाटलं होतं माझ्याच गाडीला लागलेली ही पनवती. पण निपाणीला एका लग्नात पार्किंगमध्ये याच मॉडेलच्या चार गाड्या ओळीनं उभ्या, सहज मालकांशी बोलत गेलो. एकाला हालसिद्धनाथाच्या जत्रेवरनं येताना असंच कडक पेडल. एकाचं पेडल मऊ होऊन खाली गेलेलं, त्याचं नंतर ऑइल बदलून निभावलं. एकानं साफ कानावर हात ठेवले, काहीच नाही म्हणाला, आणि जेवणं झाल्यावर कोपऱ्यात घेऊन सांगितलं की बाबा झालंय मला पण, वंटमुरी घाटात, पण बोलू नको कुठं, दिवाळीनंतर काढायचीय गाडी, भाव पडेल. चौथ्याला मात्र खरंच काही झालं नव्हतं, त्याला गाडीपेक्षा जिलेबीत जास्त इंटरेस्ट होता.

त्या तिसऱ्यावर मी रागावलो नाही, कारण माझ्या पण डोक्यात तेच येऊन गेलं होतं. पाईप बदलायच्या आधी दोन दिवस मी एका एजंटला फोन केलेला, बागलकोटकडचं गिऱ्हाईक बघ म्हणून. त्या गिऱ्हाईकाच्या पण गाडीत पोरं बसणार होती हे मला त्यावेळी सुचलं नाही. सुचलं असं म्हणू या, मी तिकडं बघितलं नाही.

असं सगळं मिळून होतंय काय की सर्विस सेंटर लिहीत नाही, मालक बोलत नाही, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि कंपनी छातीवर हात ठेवून सांगते आमच्याकडं तक्रारीच नाहीत. खरंच नसतील. कागदावर वॉशिंग लिहिलंय.

आणि आपल्याकडं कायदा नाही असं नाही बरं का. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला दुरुस्ती होऊन कलम ११० अ आलं, त्यात सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायचा आदेश देऊ शकतं, म्हणजे रिकॉल. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत, सात वर्षांच्या आतली गाडी असली पाहिजे, आणि कंपनीनं आदेश पाळला नाही तर दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. पण त्यातली मेख अशी आहे की त्या मॉडेलच्या विकलेल्या गाड्यांच्या हिशोबानं ठरावीक तक्रारी जमल्या पाहिजेत. तक्रार करायला परिवहनच्या वेबसाईटवर रिकॉलचं पोर्टल आहे, गाडीचा मालक घरबसल्या करू शकतोय. आता मला सांगा, जांबोटी भागातल्या, चंदगडच्या, खानापूरच्या किती गाडीवाल्यांना हे माहीत आहे? मला नव्हतं. माझ्या भाच्यानं शोधून दिलं, तो पण पुण्यात आयटीत आहे म्हणून. इकडं रेंज आली तर व्हॉट्सॲप उघडतंय, पोर्टल कुठलं.

मोठ्या कंपन्यांच्यात हे होत नाही असा कुणाचा समज असेल तर सांगतो. २०२२ च्या जून महिन्यात मर्सिडीजनं जगभरातल्या जवळजवळ १० लाख जुन्या गाड्या परत बोलवल्या, २००४ ते २०१५ मधल्या एमएल, जीएल आणि आर क्लास, म्हणजे त्यांच्या मोठ्या गाड्याच. कारण काय तर बूस्टरच्या डब्याला ओल लागून गंज चढत होता, आणि गंज वाढला तर ब्रेकची मदत जाईल ही भीती. मालकांना तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. तिथं त्यांची इज्जत गेली का? नाही गेली. उलट ओल लागून बूस्टर जाऊ शकतो हे जगाला कळलं. आणि ओल म्हणाल तर आमच्या कणकुंबीत जूनपासनं कपडे वाळत नाहीत, मलप्रभा उगाच तिथं उगम पावत नाही.

तसंच ब्रेक ऑइलचं. ते हवेतलं पाणी ओढून घेतंय, आणि पाणी ओढलं की लवकर उकळतंय. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) चं नवीन ऑइल कमीत कमी २३० डिग्रीपर्यंत टिकलं पाहिजे असा नियम आहे, तेच पाणी प्यालेलं असलं की १५५ वर आलेलं चालतं. घाटात उतरताना डिस्क तापून ती उष्णता ऑइलपर्यंत गेली की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, म्हणून पेडल खाली. दोन वर्षांनी बदलायचं असतंय ते. आपण बदलतो का? डबीत दिसतंय ना भरलेलं, मग राहू दे.

हो, सगळा दोष कंपनीवर ढकलायचा नाही मला. आपल्या लोकांचे पण प्रताप आहेत. ते जाड सोफ्यासारखं मॅटिंग घालतात ना गाडीत, ते सरकून पेडलखाली अडकतं. पाण्याची बाटली सीटखालनं घरंगळत येऊन पेडलमागं बसलेली मी स्वतः बघितलीय. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणारे तर गल्लोगल्ली आहेत, एकजण तर इंजिनच बंद करायचा, मग बूस्टर दोनतीन दाबण्यांत रिकामा होणार नाही तर काय, वर पॉवर स्टेअरिंग पण जड. आणि बाजारातले स्वस्तातले ब्रेक पॅड. ज्या गाडीला पंचवीस लाख मोजले तिच्या पॅडमध्ये आठशे रुपये वाचवायचे, हे गणित फक्त आपल्याकडं जमतं. पण म्हणूनच लिहून घेतलं पाहिजे ना, मॅटमुळं झालं का पाईपामुळं झालं ते लिहिल्याशिवाय कळणार कसं?

तर साहेब, मागणं दोनच आहेत. एक सर्विस सेंटरवाल्यांना. गिऱ्हाईक ब्रेकबद्दल जे बोललं ते त्याच्या शब्दांत जॉबकार्डावर लिहा, सापडलं नाही तर सापडलं नाही असं लिहा, पण लिहा. आणि जमलं तर ते कार्ड वाचता येईल असं करा, कानडीत द्या, मराठीत द्या, सगळं इंग्रजी शॉर्टफॉर्ममध्ये आणि खाली बारीक अक्षरात काय काय, ते माझ्यासारख्या दहावी झालेल्या माणसानं काय वाचायचं. गाडीवाल्यांनी पण सहीच्या आधी विचारायचं, ब्रेक कुठं लिहिलंय दाखव. नाही लिहिलं तर सही नाही. मी आता असंच करतो, मागच्या सर्विसला त्या पोरानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी त्याची किडनी मागितलीय, पण लिहिलं. पेडल कडक होणे, घाटात आणि रेल्वे गेटला, इंजिन गरम असताना, दोन वेळा. पाईप बाहेर बदलला. चार ओळी. फोटो काढून ठेवलाय.

कुणाचं सर्विस सेंटर ऐकतच नसेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात केस घालता येते, गाडी कोल्हापुरात घेतली म्हणून कोल्हापूरला खेटे घालायची गरज नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत मात्र घालावी लागते. हे सीमाभागातल्या माणसांनी लक्षात ठेवायसारखं आहे, आपली निम्मी खरेदी पलीकडंच असते.

दुसरं मागणं तुम्हाला आहे, राग मानू नका. अपघाताची बातमी देताना 'ताबा सुटल्याने' लिहायच्या आधी तुमच्या बातमीदारानं एवढं विचारावं, गाडीचे ब्रेक कुणी तपासले का? अपघातातल्या गाडीची तपासणी आरटीओचे इन्स्पेक्टर करतात, रिपोर्ट पोलिसांकडं जातो, तो रिपोर्ट काय म्हणतोय ते आठ दिवसांनी दोन ओळींत छापलंत तरी चालेल. आणि उलटं पण, ड्रायव्हर उठून म्हणाला ब्रेक फेल झाला की लगेच तसं छापू नका, केस अंगावर येऊ नये म्हणून पण म्हणतात लोक तसं. तपासलंय का एवढंच विचारा. कारण माझी गाडी त्या दिवशी केरीच्या दरीत गेली असती तर तुम्ही काय छापलं असतं ते मला माहीत आहे, आणि पिरनवाडीच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हटलं असतं, झोपला असेल.

पत्राखाली नाव घालायचं होतं, पण घरातनं म्हणतात गाडी कधीतरी विकायचीच आहे, नाव छापून आलं तर गिऱ्हाईक येणार नाही. वर एवढं सगळं लिहून झाल्यावर मला याची लाज वाटली, वाद पण घातला, हरलो. पण एक कबूल करून घेतलंय, विकताना जॉबकार्डाची झेरॉक्स आणि तो फाटका पाईप दोन्ही डॅशबोर्डातच राहणार, घेणाऱ्याच्या हातात देणार, मग भाव काय यायचा तो येऊ दे.

आपला,
एक जुना वाचक
जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव